बोटावरचा हातचा

"सोड की गं आता, माजी बाय," धुळा म्हणत होता.

पोरीला ऐकू येत नव्हतं. तो आपला तोंडानं विनवत होता आणि हातानं घोंगडं ओढत होता. पोर घोंगड्याचं दुसरं टोक सोडीना. ऑफिसात आमचे मुख्याध्यापक राजहंस सर खुर्चीत, मी दारात, आणि मधे ही बापलेकीची ओढाओढ. शेवटी धुळानं हात सोडला. "असू द्या. ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी. मला काय, दुसरं विनता यील."

पोरीचं नाव ठकू. वय नऊच्या आसपास. धुळा ठोंबरे मेंढरं राखणारा धनगर. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा नीरेच्या अलीकडे, माळावर. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तिथं मुक्या पोरांना बोलायला शिकवतात.

"सुट्टी कवा असती, मास्तर?"

राजहंस सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "दिवाळीची सुट्टी लागायला बरोबर साठ दिवस आहेत. त्या दिवशी न्यायला या. मधे भेटायला येऊ नका, मुलं रडतात."

 धुळा ठकूसमोर उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांसमोर आपली तीन बोटं धरली, एकेक बोट दाबून दाखवलं आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पोरीनं मान हलवली. जाताना तो मला म्हणाला, "बाई, हिला काय बी ऐकू येत न्हाय, पर डोकं लई हाय. मेंढरं हीच मोजती आमची."

मी बरं म्हटलं. सगळेच बाप असं म्हणतात.

ह्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची, शालन ओतारी, कोल्हापूरची. आणि तोंडाळ! आई म्हणायची, ही शाली झोपेतसुद्धा बडबडते. नशिबाची थट्टा बघा, अशा बाईला नोकरी मिळाली ती जिथं एकालाही ऐकू येत नाही अशा शाळेत. आई त्याच वर्षी गेली होती. भाऊ इचलकरंजीला दोन खोल्यांत. संध्याकाळी स्वयंपाकाच्या चंपामावशी पोरांना जेवायला घालून आपल्या घरी गेल्या, की बोलायला कुणी उरायचं नाही. मी स्टोव्हशी बोलायचे. "पेट की रे बाबा, काय अंत बघतोस," असं रोज म्हणायचे त्याला. हसू नका, खरंच म्हणायचे.

तेव्हा आमच्याकडे खुणांना बंदी होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं. हात हलवले की वाईट सवय लागते, असं सर मानायचे, आणि तेव्हा पुष्कळ जण तसंच मानायचे. ऐकू येणाऱ्या मुलांच्या वर्गात 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणावं लागतं. आमच्याकडे नुसती हाताची घडी पुरायची, तोंड आपोआप बंद व्हायचं.

गणितात आमच्या मुलांचं घोडं शब्दांवर अडायचं. आकडे यायचे. पण 'समान' म्हणजे काय, 'उरले' म्हणजे काय, हे ओठांवरून कसं कळणार? बा, पा, मा तर ओठांवर एकसारखेच दिसतात. मग मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू कापल्या आणि वर्गाची एक अख्खी भिंत शब्दांची केली. प्रत्येक शब्दाखाली चित्र. 'बेरीज'खाली चिंचोक्यांचे दोन ढीग एकत्र ओढणारा हात. 'वजाबाकी'खाली पापड पळवणारा कावळा. 'समान'ला तराजू. 'एककाचं घर' म्हणजे एक खोपटं, त्यात नऊच काड्या मावतात. 'दशकाचं घर' शेजारी, त्यात दहा-दहांच्या जुड्या. आणि 'हातचा'. त्याचं चित्र मला सगळ्यांत झकास जमलं होतं. एक हात, त्याच्या बोटावर बांधलेला लाल दोरा. शेजारी तोच हात, दोरा सुटलेला. वर्गात आम्ही तसंच करायचो. एककाच्या घरात दहा झाले की बोटाला लाल दोरा बांधायचा, दशकाच्या घरात जाऊन एक मिळवायचा, आणि दोरा सोडायचा. मुलांना हा खेळ फार आवडायचा. कुणी दोरा सोडायला विसरलं, की बाकीचे लगेच भिंतीकडे बोट दाखवायचे.

ठकू पहिले आठ दिवस त्या भिंतीसमोरच उभी असायची. घोंगडं खांद्यावर, नजर चित्रांवर. तिला पोरांच्या आपापसातल्या चोरट्या खुणा येत नव्हत्या, अक्षर येत नव्हतं, कुणी मैत्रीण नव्हती. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं चिंचेखाली पळापळी खेळायची, आणि ही वर्गात कावळ्याशी, तराजूशी उभी. मला तिचं वाईट वाटायचं, पण खरं सांगते, बरंही वाटायचं. माझ्या भिंतीकडे एवढं कुणी बघत नव्हतं.

महिन्याभरात ती आकडे लिहायला लागली. आणि हातच्याचा घोळ सुरू झाला. नऊ अधिक आठ दिले, की खोपट्यातच सतरा लिहून मोकळी. हातचा नाही, काही नाही. मी तिला 'दशकाचं घर' दाखवायचे, ती माझ्याकडे असं बघायची की मीच वेडी. मग नऊ, आठ आणि सहा दिले, तर पठ्ठीनं चक्क तीन लिहिले आणि बोटाला दोरा बांधला! म्हणजे येतं तर! मग सतराला काय झालं होतं?

"आळशी आहे," मी चंपामावशींना म्हणाले. "मनात आलं तर करते, नाहीतर नाही."

"प्वार खात बी न्हाय धड," मावशी म्हणाल्या. "त्याचं बगा आदी."

आणखी एक ताप. माझ्या मोजायच्या डब्यातले चिंचोके कमी व्हायला लागले. बरोबर वीस कमी झाले, आणि एके दिवशी पुन्हा डबा भरलेला. मग परत रोज एकेक कमी. कुणीतरी पोरगं चेष्टा करतंय म्हणून मी दोघा-तिघांना रागावलेसुद्धा. त्याच सुमाराला ठकूच्या डाव्या हाताच्या करंगळीला काळा दोरा दिसला. घोंगड्याच्या काठातून ओढलेली लोकर. काही दिवसांनी शेजारच्या बोटालाही एक. मला वाटलं, हातच्याचा खेळ हिला इतका आवडला की स्वतःचा दोरा करून घेतलाय, आणि सोडायचं मात्र विसरते आहे. मी भिंतीवरचं सुटलेल्या दोऱ्याचं चित्र दाखवलं. तिनं मूठ आवळून हात पाठीमागे नेला.

"हट्टी कुठली," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, मला सगळं मोठ्यानं म्हणायची सवय.

तेवढ्यात तपासणी आली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून साहेब येणार, म्हणून शाळा सारवली, मुलांची नखं कापली. सर मला म्हणाले, "ओतारीबाई, तुमची भिंत त्यांना दाखवू. एखादं मूल फळ्यापाशी आणा."

मी ठकूला आणलं. चुकली असती तर माझीच शोभा झाली असती, पण नवीन पोरीनं दोन महिन्यांच्या आत बेरीज केली हे दाखवायची मला हौस. आदल्या आठवड्यात मी तिच्याकडून दहाला हातचा, दहाला हातचा असं घोटून घेतलं होतं. फळ्यावर सत्तावीस अधिक पंधरा दिले. तिनं भिंतीकडे पाहिलं, खोपट्यात दोन लिहिले, उजव्या हाताला लाल दोरा बांधला, दशकाच्या घरात चार लिहिले, लाल दोरा सोडून टेबलावर ठेवला. मी फुलून गेले.

साहेब उठून जवळ आले. भला माणूस होता. त्यांनी 'हातचा'ची पाटी बघितली, मग ठकूचा डावा हात बघितला. "हे दोन काळे दोरे? हे हातचे मिळवायचे राहिलेत वाटतं!"

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि लाजही वाटली. "विसरते हो सोडायला," मी म्हणाले, आणि तिचा हात ओढून घेतला. तिनं मूठ वळली. मी बोटं उलगडली. एक दोरा निघाला. दुसरा निघेना, गाठ घट्ट होती, तो मी ओढून तोडला.

आणि ठकू ओरडली.

आधी ओठ घट्ट मिटलेले होते, त्यातून आवाज आला आणि ओठ उघडता उघडता त्याचा "बाऽऽ" झाला. लांबलचक. मी आयुष्यात तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. बाकीची तेवीस मुलं शांत, कारण त्यांना काय कळणार? आणि राजहंस सर टाळ्या वाजवत होते!

"'बा' काढला! साहेब, ऐकलंत? दोन महिन्यांपूर्वी ही पोर आली तेव्हा हूं की चूं नव्हतं!"

साहेबांनी शेरापुस्तकात लिहिलं, 'वाचाप्रगती उल्लेखनीय.' मी त्याखाली शिक्षिका म्हणून सही केली. केली हो. काय करणार?

संध्याकाळी ठकू जेवायला आली नाही. मी मुलींच्या खोलीत गेले. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती, डोक्यावरून घोंगडं. शेजारी एक गंजका डबा पालथा पडलेला, आणि जमिनीवर चिंचोके. माझेच चिंचोके! मी रागानं गोळा करायला बसले. सवयीनं मोजले. अकरा.

अकरा म्हटल्यावर हात थांबला. डब्यातून वीस गेले होते, मग परत आले होते. पुन्हा वीस गेले, पुन्हा आले. आता अकरा. आणि दोन दोरे. मी तशीच वर्गात गेले, तिची वही काढली, कंदिलाशी धरली. सतराला हातचा नाही. तेराला नाही. एकोणीसला नाही. तेवीसला आहे. एकवीसला आहे. अगं बाई! ही पोर आळशी नव्हती. ही विसाला हातचा घेत होती. मेंढरं मोजायची ती विसावर. वीस मेंढरं पुढं गेली, की एक बोट.

मग मला धुळाची तीन बोटं आठवली. साठ दिवस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती आल्यापासूनचे दिवस मोजले. एक्कावन्न. वीस, वीस आणि अकरा. रोज सकाळी एक चिंचोका. बाप परत यायचे दिवस ती बोटावर बांधून फिरत होती, आणि त्यातले चाळीस मी तपासणीच्या साहेबांसमोर हसत हसत तोडून टाकले होते.

मी तिथंच बाकावर बसून रडले. मग उठून मुलींच्या खोलीत परत गेले. तिच्यासमोर जमिनीवर बसले. ती बघेना. मी घोंगड्याच्या काठातून एक धागा ओढला, तेव्हा तिनं चटकन तोंड वळवलं. तिची करंगळी धरली, धागा बांधला. दुसरा ओढला, दुसऱ्या बोटाला बांधला. अकरा चिंचोके एकेक करून डब्यात टाकले. मग माझी तीन बोटं तिच्या डोळ्यांसमोर धरली, बापानं धरली होती तशी, आणि दारातून आत येणारा डोक्याला मुंडासं बांधलेला माणूस हातांनी करून दाखवला. शाळेचा नियम मोडला. ती माझी तिथली पहिली वेळ, की मी तोंड मिटून कुणाशी तरी बोलले.

ठकू माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि धरूनच ठेवलं. मावशींनी भाकरी आणून ठेवली, ती तिनं एका हातानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर एक नवी पाटी लावली. 'वीस'. त्याखाली वीस मेंढरं आणि एक बोट, काळा दोरा बांधलेलं. शेजारी 'दहा', दहा काड्या आणि लाल दोरा. ठकूनं दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हसली. अरेच्चा, तुमच्याकडे वेगळं असतं होय, असं काहीसं ते हसू होतं. त्यानंतर तिचा हातचा एकदाही चुकला नाही. सकाळी ती माझ्या डब्यातून माझ्यादेखत चिंचोका घ्यायची, मला दाखवायची. तेरा. चौदा. मीही मोजायला लागले. संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची, मी स्टोव्ह पेटवायचे, आणि आम्ही हातांनी गप्पा मारायचो. मेंढी कशी नदी ओलांडते, कुत्रं कसं झोपतं. त्या नऊ दिवसांत मी स्टोव्हशी एक शब्द बोलले नाही.

साठाव्या दिवशी तिनं तिसरा दोरा बांधला आणि फाटकाशी जाऊन बसली. दुपार कलायच्या आत धुळा आला. पाय धुळीनं माखलेले. पोर पळत गेली आणि त्याला डाव्या हाताची तीन बोटं दाखवली.

"व्हय, व्हय, तीन इसा झालं," तो म्हणाला आणि एकेक दोरा सोडत गेला. मला म्हणाला, "बाई, तरास दिला का हिनं?"

"नाही हो, दादा," मी म्हणाले. "एकवीस दिवसांनी शाळा उघडेल. आणाल ना परत?"

"आनतो की. न आनून काय करू? शिकतीया प्वार."

धुळानं ठकूला एक बोट दाखवलं. ती माझ्यापाशी आली. सोडलेल्या दोऱ्यांतला एक तिनं माझ्या करंगळीला बांधला. दातानं गाठ आवळली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि एक बोट दाखवलं. एक. वीस दिवस.

सगळी मुलं गेली. मावशीही गेल्या. भावाचं पत्र आलं होतं, 'हिच्या माहेरची माणसं येणार आहेत, जागेची जरा अडचण होईल, तरी यायचं तर ये.' मी गेले नाही. रिकाम्या शाळेत दिवाळी केली. एक पणती भिंतीखाली लावली, कावळ्याला उजेड म्हणून. पण खोटं कशाला सांगू, ते दिवस मला जड गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला परत यायचा दिवस सांगून गेलं होतं. रोज सकाळी डब्यातून एक चिंचोका काढायचा. विसावा काढला त्या दिवशी मी वर्ग झाडला आणि फाटकाशी जाऊन आले. मग आणखी एकदा जाऊन आले.

शाळा उघडली. मुलं आली. ठकू आली नाही.

"मेंढरं कोकणात उतरली असतील," राजहंस सर म्हणाले. "ह्या लोकांचं असंच असतं, ओतारीबाई. जीव लावू नका."

चाळिसावा दिवस गेला. मी दुसरा दोरा बांधला नाही. तिनं एकच बोट दाखवलं होतं. पहिला सोडलाही नाही. का आली नाही, कुठं गेली, बापाला काय झालं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. रस्त्यानं मेंढरं निघाली की मी विचारायचे. ठोंबरे पुष्कळ होते, धुळाही पुष्कळ होते.

त्यानंतरच्या एका सोमवारी बेरजेचा तास होता. फळ्यावर अडतीस अधिक चोवीस. निसार नावाच्या मुलाच्या बोटाला मी लाल दोरा बांधला, त्यानं दशकाच्या घरात एक मिळवला, दोरा सोडला. शाब्बास म्हटलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची रेवती उठून उभी राहिली. तिनं माझ्या करंगळीकडे बोट दाखवलं. मग भिंतीकडे, 'हातचा'च्या दुसऱ्या चित्राकडे, सुटलेल्या दोऱ्याकडे.

सगळ्या वर्गानं बघितलं. बाई विसरल्या! मुलांना केवढा आनंद झाला. हाताची घडी मोडून तेवीसच्या तेवीस पोरं दोरा सोडायची खूण करायला लागली. सोडा, बाई, सोडा.

"सोडते, सोडते," मी ओठ सावकाश हलवत म्हणाले.

पण मी सोडत नाही असं बघून रेवती पुढं आली. तिनं माझा हात धरला, आणि नखानं ती काळी गाठ उकलायला लागली. मी मूठ वळली. तिला वाटलं मी खेळते आहे. तिनं हसत माझी बोटं उलगडली आणि दोरा धरून ओढला.

माझ्या तोंडून आवाज निघाला. तेवीस मुलं माझ्याकडे बघून हसत होती. त्यांच्यातल्या कुणालाच तो ऐकू आला नाही.